मुलाच्या कलानं शिकवणं: सोलापूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

आमचा बालवर्ग सोलापूरच्या पूर्व भागाच्या कडेला आहे. तीन ते सहा वयाची मुलं येतात. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्या बायकांची, दुकानदारांची, दोन-चार डॉक्टर-शिक्षकांचीही. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठला की प्रवेशाची चौकशी सुरू होते आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. दारात उभ्या-उभ्या अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

मुलाच्या कलानं शिकवायचं म्हणजे त्याला वाटेल ते करू द्यायचं का?

नाही. खोलीत काय ठेवायचं हे मोठी माणसं ठरवतात. त्यातलं काय घ्यायचं, किती वेळ करायचं आणि कधी थांबायचं, हे मूल ठरवतं.

वर्गात मुलांच्या छातीपर्यंत येतील अशा लाकडी फळ्या आहेत. त्यांवर ताटल्या मांडलेल्या असतात. एकीत ज्वारी आणि तूरडाळ मिसळलेली, सोबत दोन रिकाम्या वाट्या. दुसरीत दोन छोटे तांबे, एकात निम्मं पाणी, शेजारी घडी घातलेलं फडकं. मूल ताटली उचलतं, चटई अंथरतं आणि या तांब्यातलं पाणी त्या तांब्यात ओतत बसतं. जिभेचं टोक बाहेर, नजर धारेवर. सांडलं की स्वतःच पुसतं आणि पुन्हा ओततं. मोठ्या माणसाला वाटतं, झालं की एकदा, आता दुसरं घे. पण मुलाचं अजून झालेलं नसतं, आणि ते झाल्याशिवाय त्याला उठवायचं नाही, हाच या सगळ्या पद्धतीचा गाभा आहे.

नियम मोजके आहेत, पण पक्के. घेतलेली वस्तू जागच्या जागी परत. दुसऱ्याच्या चटईवरच्या कामाला त्याला विचारल्याशिवाय हात नाही. फेकाफेक, मारामारी नाही.

यात बाईंचं काम कमी होत नाही, उलट वाढतं. वस्तू कशी वापरायची ते सावकाश, फारसं न बोलता करून दाखवायचं आणि मग बाजूला सरायचं. कोण कशात रमलं, कोण नुसतंच फिरतंय, कोणाला एखादी गोष्ट जड जातेय, याची टिपणं ठेवायची आणि त्यावरून फळीवरच्या वस्तू बदलत राहायचं. फळ्यासमोर उभं राहून सगळ्यांकडून एका सुरात ‘अ अननसाचा’ म्हणवून घेणं याच्या मानानं फारच सोपं.

ही परदेशी पद्धत आपल्याकडे चालेल का?

आपल्याकडे ती चालायला लागून शंभर वर्षं झाली. मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालघर उघडलं. तिथली मुलं कामगारांची होती, हे आपल्या गिरणगावानं ध्यानात घ्यावं. १९३९ साली त्या मद्रासला अड्यारमध्ये आल्या आणि महायुद्धामुळे १९४६पर्यंत भारतातच राहिल्या.

पण त्यांच्याही आधी, १९२० साली, भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केलं होतं. गिजुभाई मूळचे वकील. तिथंच ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंना लवकरच एक गोष्ट खटकली: बालशिक्षण शहरातल्या पैसेवाल्यांपुरतंच राहतंय. म्हणून १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. पुढं हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. इटलीहून येणारं लाकडी साहित्य वारली पाड्यावर कुठून परवडणार? मग शंख, शिंपले, खडे, बिया, पानं यांतून साहित्य बनवलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणात शाळा भरवली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री.

तेव्हा चकचकीत माहितीपत्रकात ‘विदेशी तंत्र’ असं छापलेलं दिसलं तर फार हुरळून जाऊ नका.

शेजारची मुलगी शंभरपर्यंत अंक म्हणते. आमचा नुसता खेळायलाय. मागं पडला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा लग्नसमारंभ किंवा वास्तुशांत झाल्यावर येतो. तिथं कोणीतरी आपल्या लेकराला खुर्चीवर उभं करून म्हणून दाखवायला लावलेलं असतं.

अंक म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंक म्हणणं ही आरती म्हणण्यासारखी पाठांतराची गोष्ट आहे. चाल बसली की जमतं. मोजताना तोंडानं एक शब्द उच्चारायचा आणि त्याच वेळी हातानं एकच वस्तू सरकवायची, हे जुळावं लागतं. पुढं हेही कळावं लागतं, की शेवटचा उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या. वाटीभर शेंगा ठेवा आणि मुलाला म्हणा, ‘मला पाच शेंगा दे.’ शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं मूठभर शेंगा उचलून देतात. काही मुलं पाच मोजून देतात, पण शेंगा जरा लांब-लांब पसरल्या की ‘आता जास्त झाल्या’ म्हणतात. त्यात बुद्धी कमी असण्याचा काही संबंध नाही. त्या वयात विचार असाच चालतो आणि हाताळून-हाताळूनच तो पक्का होतो.

म्हणून आमच्याकडे आधी वस्तू, मग शब्द, मग चिन्ह. माँटेसरी साहित्यात गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा असतो: दहा ठोकळे, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा. मूल तो रचतं, पाडतं, पुन्हा रचतं. ठोकळा चुकीच्या जागी बसला तर मनोऱ्याकडे बघूनच कळतं, बाईंनी ‘चूक’ म्हणायची गरज पडत नाही. घरी हेच काम डब्यांचं होतं. एकात एक जाणारे स्टीलचे डबे असतील तर ते आणि झाकणं मुलासमोर ठेवा, आणि मदत करण्याचा मोह आवरा.

आणि हो, शेंगांची ही गंमत रोज करू नका. पोरगं ओळखतं की परीक्षा चाललीय, आणि शेंगा खाऊन मोकळं होतं.

अक्षरं कधी गिरवायला लावायची?

तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघी वहीची पानंच्या पानं भरून घेणं, हे आम्हाला मान्य नाही. मनगटातली छोटी हाडं त्या वयात पुरती तयार झालेली नसतात, बोटांत बळ आलेलं नसतं. मूल पेन्सिल मुठीत आवळून, खांद्यापासून हात हलवत लिहितं. दोन ओळींत दमतं. त्याला मग आपण आळशी म्हणतो.

बोटं तयार होतात ती दुसऱ्याच कामांतून: शेंगा फोडणं, मटार सोलणं, कणीक तिंबणं, ओला रुमाल पिळणं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं, पालेभाजी निवडणं. खडूनं फरशीवर मोठमोठ्या रेघोट्या मारल्या की खांदा आणि कोपर मोकळा होतो. त्यानंतर येतात खरखरीत कागदाची अक्षरं. गुळगुळीत पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरचं अक्षर चिकटवलेलं असतं, त्यावरून मूल दोन बोटं फिरवतं आणि त्याचा आवाज म्हणतं. अक्षराचं वळण आधी बोटात बसतं, पेन्सिलीत नंतर उतरतं. हे घरीही करता येतं. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळतो. फक्त बारीक खरखर घ्या, जाड घेतला तर बोटं सोलवटतात.

क्रमाबद्दल विचाराल तर आपला जुना ‘ग म भ न’ चांगला आहे. वळणं जवळची आहेत आणि चार-सहा अक्षरांतच शब्द होऊ लागतात. बाराखडीची घाई नको. आणि लिहिता येण्याआधी सुट्या अक्षरांचे तुकडे जुळवून मूल शब्द मांडू शकतं. नग, मग, गगन. ‘ए, हे मी केलं’ म्हणून ओरडतं, तेव्हा पेन्सिल नसतेच हातात.

साधारणपणे पाचच्या आसपास बहुतेक मुलं स्वतःहून लिहायला मागतात. काही चारला, काही सहाला. या फरकाची पुढं फार खूण राहत नाही.

घरी आम्ही तेलुगू बोलतो, आजी कन्नड. आता घरातही मराठी-इंग्रजीच बोलायचं का?

मुळीच नाही! घरची भाषा सोडू नका. हा प्रश्न सोलापूरइतका दुसऱ्या गावात कुणाला पडत नसेल. एकाच गल्लीत पाण्याला कोणी ‘नीळ्ळु’ म्हणतं, कोणी ‘नीरु’, कोणी ‘पानी’, आणि पोरं सगळ्यांशी ज्याच्या-त्याच्या भाषेत बोलून तहान भागवून येतात.

मूल विचार करायला शिकतं ते ज्या भाषेत त्याला अंगावर घेऊन कोणीतरी बोललेलं असतं त्या भाषेत. कार्यकारणभाव, लहान-मोठं, काल-उद्या या कल्पना तिथं घट्ट झाल्या की दुसऱ्या भाषेत त्यांना फक्त नवं नाव मिळतं. पण आईवडिलांनी घरची भाषा टाकून तोडकं इंग्रजी सुरू केलं, ‘बेटा, वॉटर पी, फास्ट’, तर मुलाच्या वाट्याला धड कोणतीच भाषा येत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे.

मूल एका वाक्यात दोन-तीन भाषा मिसळतं म्हणून घाबरू नका. तो गोंधळ नाही. जवळ असेल तो शब्द ते वापरतं. आपण मोठी माणसं तरी काय करतो? आमच्याकडे मूल ‘बाई, नीळ्ळु पाहिजे’ म्हणालं की आम्ही ‘पाणी हवंय? हे घे पाणी’ म्हणतो. दुरुस्ती करत नाही, फक्त मराठी शब्द त्याच्या कानावर पडू देतो. कन्नड किंवा तेलुगू आजी वर्गात येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगायला तयार असतील तर त्यांचं स्वागत आहे. अर्ध्या मुलांना शब्द कळत नाहीत, तरी ती जागची हलत नाहीत.

घर दोन खोल्यांचं, दोघंही कामाला. वेळ आणि जागा कुठून आणायची?

वेगळा वेळ काढू नका, आणि वेगळी खोली तर नकोच. घरातलं चालू असलेलं काम मुलाच्या उंचीवर आणा, एवढंच.

भाकरी थापताना लिंबाएवढा ज्वारीच्या पिठाचा गोळा मुलाला द्या. त्याची भाकरी वाकडीतिकडी होईल, कडेनं फाटेल. तरीही तव्यावर टाका आणि तीच त्याच्या ताटात वाढा. पिठाला ऊन पाणी लागतं, थंड पाण्यानं भाकरी मोडते, हे त्याला तुम्ही न सांगता एक दिवस कळेल. नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात धावपळ असते. तेव्हा छोट्या तांब्यानं एक बादली भरण्याचं काम मुलाकडे द्या. किती तांबे ओतले की बादली भरते, हे ते स्वतःच मोजायला लागतं. सोलापुरात नॅपकिन-टॉवेलला तोटा नाही. धुतलेल्या नॅपकिनच्या घड्या मुलाला घालू द्या: चौकोनाचा अर्धा, अर्ध्याचा पाव, तिरकी घडी घातली की त्रिकोण. कडेला कड जुळवताना जी एकाग्रता लागते ती कुठल्याही वर्कशीटनं येत नाही.

जागेचं म्हणाल तर कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा मुलाचा. त्यात चार-पाचच वस्तू. बाकीच्या वर ठेवा आणि आठ-पंधरा दिवसांनी बदला. खेळण्यांनी भरलेल्या पोत्यातून मूल काहीच निवडत नाही, सगळं उपसतं आणि उठून जातं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना आम्हाला अवघडायला होत नाही. विड्यांच्या सुपाजवळ लहान मूल नको. तंबाखूची धूळ त्याच्या नाकातोंडात जाते, हात तोंडात जातात. आईनं काम संपवून हात साबणानं धुतल्याशिवाय मुलाला भरवू नये. आणि विडीला दोरा बांधायला पोरीला बसवून ‘ती तिच्या आवडीनं करते’ असं कोणी आम्हाला सांगू नये. मूल थांबू शकतं का, आणि ते थांबलं तर घरचं काम अडतं का, एवढंच पाहा. अडत असेल तर ती मजुरी आहे. चालू मागाच्या जवळ तर पाच मिनिटंही नको, मग बाबा कितीही लक्ष ठेवून असोत.

माँटेसरी साहित्याचा संच ऑनलाइन घ्यावा का?

घरासाठी नको. त्यापेक्षा मधला मारुतीच्या बाजारात जाऊन लहान आकाराचा पण खरा तांब्या, खरा पेला, छोटा झाडू आणि बोथट टोकाची कात्री घ्या. प्लॅस्टिकच्या खोट्या भातुकलीपेक्षा मुलाला खरी वस्तू लागते. पेला फुटेल या भीतीनं काच टाळत असाल तर स्टील घ्या, हरकत नाही.

सावधगिरी: तीन वर्षांखालच्या मुलाला मणी, चिंचोके, गुंजा, बटणं देऊ नका. अख्खे शेंगदाणे तर पाचपर्यंत खायला नकोतच. श्वासनलिकेत अडकतात आणि दोन मिनिटांत जिवावर बेततं. शेंगा फोडायला द्या, पण समोर बसा आणि दाणे वाटीत काढून घ्या. शेंगाचटणी चालते, तिखट झेपत असेल तर!

मारल्याशिवाय ऐकतच नाही. शिस्त कशी लागणार?

शाळेपुरतं बोलायचं तर हा प्रश्न कायद्यानं मिटवलेला आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. आम्ही कायदा नसता तरी मारलं नसतं, ते वेगळं.

घरी काय करायचं? आधी ‘नाही’ कमी करा. दिवसभर प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं की मूल त्या शब्दाकडे लक्ष देणंच सोडतं. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा आणि वस्तूंची नासधूस, एवढ्यावर नाही म्हणा आणि तिथं मात्र हलू नका. बाकी ठिकाणी दोन पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला चालणारे. ‘आंघोळ करायची का?’ असं विचारूच नका, कारण ‘नाही’ म्हणाला तर तुम्ही ऐकणार नाही आहात. ‘आधी दात की आधी आंघोळ?’ असं विचारा.

गड्ड्याचंच उदाहरण घ्या. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर जाऊन तिथल्या पाळण्यांसमोर आणि खेळण्यांच्या रांगेत पोरानं भोकाड पसरलं नाही, असं सोलापुरात घर नसेल. तिथं, गर्दीत, समजावणी चालत नाही. ती घरून निघतानाच व्हायला हवी: ‘आज एक पाळणा आणि एक खेळणं. कोणतं ते तू ठरवशील.’ तिथं गेल्यावर मुलानं पहिल्याच गाड्यावर शिट्टी घेतली आणि पुढं बंदूक दिसली, तर रडणार. रडू दे. खाली बसून एवढंच म्हणा, ‘तुला ती पण हवी होती. आज एकच.’ मोबाईल हातात देऊ नका, खोटं आश्वासन देऊ नका, आणि लोक बघतायत म्हणून घेऊनही देऊ नका. मामा सोबत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. बहुतेक वेळा आईवडील टिकतात आणि मामा विरघळतो.

सासूबाई अजून भरवतात. त्यांना कसं सांगायचं?

भाषण देऊन नाही. नातवाला भरवणं हा त्यांचा जीव आहे, तो काढून घेतला तर त्या दुसरीकडून भरपाई करणारच. त्यांना दुसरं काम द्या, जे फक्त त्यांनाच येतं: गोष्टी, ओव्या, सागरगोटे, वाती वळणं. आणि जेवताना मुलाला त्यांच्या शेजारीच बसवा, वेगळ्या ताटलीत. आमटीत कुस्करलेली भाकरी हातानं खाताना निम्मी सांडते. खाली जुनी चादर टाका. आजी चार दिवस हळहळतात, पाचव्या दिवशी शेजारणीला कौतुकानं सांगतात, ‘आमचा आपल्या हातानं खातोय की.’

मोबाईल किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली पडदा नकोच. दोन ते चार वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोपही लागते. जेवताना मोबाईल ही सवय लागलीच असेल तर ती सुट्टीच्या आठवड्यात मोडा, कारण पहिले दोन-तीन दिवस घर डोक्यावर घेतलं जाईल.

अंगणवाडीत घालू की खासगी नर्सरीत?

पाटीवरून ठरवू नका. १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या अंगणवाडीत आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि तीन ते सहा वयासाठी पूर्वप्राथमिक शिक्षण, हे सगळं एका ठिकाणी मिळतं. सेविका उत्साही असेल तर तिथं मूल मजेत शिकतं. उलट ‘माँटेसरी’ हे नाव कोणालाही लावता येतं. त्यावर कोणा एकाची मालकी नाही. त्यामुळे तीन बाक, एक फळा आणि पट्टी एवढ्यावरही ती पाटी लागते.

प्रत्यक्ष जाऊन बघा. वस्तू मुलांच्या हाताला येतात की कुलूपबंद कपाटात शोभेला आहेत? भिंतीवर पन्नास एकसारखी सफरचंदं लाल रंगवून लावली असतील तर ती बाईंची चित्रं आहेत, मुलांची नाहीत. एखादं मूल कामात गुंगलेलं असताना घंटा वाजवून सगळं गोळा करतात का? बाई मुलाशी बोलताना वाकतात, बसतात, की उंचावरून ओरडतात? तीन ते सहा वयाची मुलं एकत्र असतील तर ते चांगलं, लहान मुलं मोठ्यांकडे बघून निम्मं शिकतात. आणि स्वच्छतागृह बघायला विसरू नका. मुलं तिथं जायला घाबरतात अशा शाळेत बाकी सगळं चांगलं असूनही उपयोग नाही.

पुढं पहिलीत साध्या शाळेत गेल्यावर जमेल का?

जमतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा आहे, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा खेळातून, हाताळून शिकायची. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तेच आहे, आणि २०२१च्या निपुण भारत अभियानाचा भर तिसरीपर्यंत समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत यावर आहे. कागदावर असलेलं प्रत्येक वर्गात उतरलंय असं नाही. साठ मुलांच्या वर्गात बाकावर बसावंच लागतं. त्यामुळे शेवटच्या सत्रात आम्ही मोठ्या मुलांना फळ्यावरचं बघून लिहिणं, डबा स्वतः उघडणं, ‘बाई, लघवीला जाऊ का’ असं मोठ्यानं विचारणं, याचा सराव देतो. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरते, असा आमचा अनुभव आहे.

पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत, परीक्षा घेणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३मध्ये बसत नाही. त्यासाठी क्लास लावू नका.

मूल अजून बोलत नाही. कलानं घ्यायचं म्हणजे वाट बघायची का?

इथं वाट बघायची नाही. वर्षाचं होऊनही हाकेला ओ देत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडी होत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कानांची तपासणी करून घ्या. ‘त्याचा बाबाही उशिरा बोलला’ हे ऐकून वर्ष घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतं, तिथं शंका आली तर पुढच्या उपचारासाठी पाठवतात. त्याला पैसे पडत नाहीत.

उन्हाळ्यात काय करायचं?

पारा चाळिशीच्या वर गेला की अकरानंतर मूल घरातच. सकाळी लवकर सिद्धेश्वर तलावाच्या काठानं किंवा किल्ल्याच्या बाजूनं चालवून आणा, वाटेत ते थांबेल तिथं थांबा. मुंग्यांची रांग दिसली तर फेरी तिथंच संपली असं समजा. दुपारी ओल्या फडक्यानं फरशी पुसू द्या. काम आणि गारवा दोन्ही.

वर्ग बघायला यायचं असेल तर?

या. सकाळी नऊनंतर, एका वेळी एकच कुटुंब. दाराशी बुटकं स्टूल ठेवलेलं आहे, त्यावर बसा. मुलं तुमच्याकडे दोन मिनिटं बघतील आणि आपल्या कामाला लागतील. त्यांना नाव, पाढे, कविता विचारू नका, ‘शाब्बास’ म्हणून टाळ्या वाजवू नका, आणि कोणाचा बूट उलटा घातलेला दिसला तरी सरळ करायला उठू नका. चॉकलेटं आणायची नाहीत. द्यायचंच असेल काही, तर घरातली झाकणासकट रिकामी डबी द्या, फिरकीचं झाकण असेल तर फारच बरं. ती आम्हाला कायम कमी पडतात.